‘सर्व धर्म प्रेमच शिकवतात’ हे विधान तपासून पाहू या

कुंभारवेस (धागाकर्ता)

सणासुदीच्या तोंडावर भरणारी शांतता समितीची बैठक असो की शाळेचे स्नेहसंमेलन, आपल्या सोलापुरात एक वाक्य हमखास ऐकू येते: सर्व धर्म शेवटी प्रेमच शिकवतात. वक्त्याला टाळ्या मिळतात, शाल-श्रीफळ होते आणि विषय तिथेच मिटतो. माझा या वाक्याला विरोध नाही. ते खरे असावे असेच मला वाटते. परंतु ते कोणत्या अर्थाने खरे आहे, हे विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही, ही गोष्ट मला बरेच दिवस खटकत आहे, म्हणून हा धागा काढला.

अडचण अशी की सिद्धान्ताच्या पातळीवर धर्मांचे एकमत मुळीच नाही. बौद्ध परंपरा नित्य आत्मा मानत नाही. जैन परंपरा आत्मा मानते, पण सृष्टीचा कर्ता मानत नाही. इस्लाममध्ये ईश्वराच्या एकत्वाबाबत तडजोड नाही, तर ख्रिस्ती धर्मात तोच ईश्वर त्रिएक आहे. आणि आपल्या वेदान्त्यांनी तर अद्वैत, विशिष्टाद्वैत आणि द्वैत अशा वेगळ्या चुली मांडल्या. एवढे मतभेद असताना जो सर्वांना जोडतो असे आपण म्हणतो, तो धागा सिद्धान्तात सापडणार नाही, हे उघड आहे. तो शोधायचा तर साधना आणि आचरण यांत शोधावा लागेल.

तेथे मात्र एक पुरावा मला फार बळकट वाटतो. पतंजलींच्या योगसूत्रांत पहिल्या पादात 33वे सूत्र आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाविषयी मुदिता आणि पापी माणसाविषयी उपेक्षा ठेवल्याने चित्त प्रसन्न होते, असे ते सांगते. बौद्धांचे चार ब्रह्मविहार हेच आहेत: मेत्ता, करुणा, मुदिता आणि उपेक्खा. जैनांच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायातही चौकडी तीच आहे. तेथे मैत्री सर्व जीवांविषयी, प्रमोद गुणीजनांविषयी, कारुण्य पीडितांविषयी आणि माध्यस्थ्य समजावूनही न समजणाऱ्यांविषयी ठेवण्यास सांगितले आहे. ज्या तीन परंपरांनी शतकानुशतके वादसभांत एकमेकांची मते खोडून काढली, त्यांनी मनाची मशागत कशी करावी याबाबत मात्र जवळपास एकच पाठ दिला. हे कोणी व्यासपीठावर एकमेकांचा मान राखण्यासाठी केलेले नाही, म्हणूनच मला ते विश्वासार्ह वाटते.

ईश्वरवादी परंपरांत प्रेमाची दिशा आधी वरची असते. नारदभक्तिसूत्रांत भक्तीचे वर्णनच परमप्रेमरूपा असे आहे. बसऱ्याच्या राबिया या सूफी संत स्त्रीची कथा अनेकांना ठाऊक असेल. एका हातात विस्तव आणि दुसऱ्या हातात पाणी घेऊन ती निघाली, ती स्वर्ग जाळण्यासाठी आणि नरक विझवण्यासाठी, म्हणजे लोक लोभाने किंवा भीतीने नव्हे, तर केवळ प्रेमाने ईश्वराकडे वळतील. मग या वरच्या प्रेमातून शेजाऱ्याकडे येण्याची वाट कोणती? योहानाच्या पहिल्या पत्रात याचे रोखठोक उत्तर आहे: जो डोळ्यांना दिसणाऱ्या भावावर प्रेम करत नाही, तो न दिसणाऱ्या देवावर प्रेम करू शकत नाही. तुकोबांनी ‘जे का रंजले गांजले’ यांना आपले म्हणणाऱ्यातच देव ओळखायला सांगितला, तो याच अर्थाने.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, येथे सुवचने गोळा करू नयेत. फॉरवर्ड तर नकोतच. त्यांसाठी आपले कौटुंबिक गट समर्थ आहेत. प्रेमाने भिंत ओलांडली आणि त्यासाठी कोणीतरी किंमत मोजली, असे दाखले द्यावेत. जेथे प्रेम अपुरे पडले, तेही सांगावे.

बाळीवेस

काका, धागा आवडला. माझ्या घरी कन्नड बोलली जाते आणि वचने, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायी शरणांची पद्ये, कानावर पडतच मी वाढले, म्हणून तेथूनच सुरुवात करते.

बसवण्णांचे ‘दयविल्लद धर्मवदेवुदय्या’ हे वचन सर्वांना ठाऊक असते: दया नाही तो धर्म कसला, दया सर्व प्राणिमात्रांविषयी हवी, दया हेच धर्माचे मूळ. पण तुम्ही किंमत विचारली आहे, आणि ती या वचनात नाही, कल्याणमधल्या (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) एका लग्नात आहे. परंपरा सांगते की, जन्माने ब्राह्मण असलेल्या मधुवरसांनी आपली मुलगी चर्मकार हरळय्यांच्या मुलाला दिली. दोन्ही घरांनी शरणमार्ग स्वीकारलेला असल्यामुळे त्यांच्या दृष्टीने जात उरलेलीच नव्हती, परंतु तिथल्या बिज्जळ राजाच्या राज्यात ती पुरेपूर उरलेली होती. दोन्ही पित्यांना देहान्ताची शिक्षा झाली, कल्याणमध्ये रक्तपात झाला आणि शरण चहूकडे पांगले. अनुभवमंटपात सर्व जातींचे स्त्री-पुरुष एकत्र बसून चर्चा करत होते, तोवर राज्याला विशेष अडचण नव्हती, असे मला नेहमी वाटते. चर्चा सोयरिकीपर्यंत गेली तेव्हा हत्यारे निघाली.

आता आपल्या सोन्नलगीच्या, म्हणजे जुन्या सोलापूरच्या, सिद्धरामांविषयी. तलाव खोदणे, लिंगांची स्थापना करणे, लोकांच्या पाण्याची आणि अन्नाची सोय करणे या लोकसेवेत ते गढलेले असताना ज्येष्ठ शरण अल्लमप्रभू येथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना कठोर प्रश्न विचारले, अशी कथा शून्यसंपादने या शरणांच्या संवादांच्या कन्नड ग्रंथात विस्ताराने येते. बाहेर बांधणाऱ्याने आत काय बांधले, असा त्या प्रश्नांचा रोख होता. सिद्धराम कल्याणला गेले, चन्नबसवण्णांकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि पुढे अनुभवमंटपाच्या शून्यपीठावरही ते बसले. या कथेत मला महत्त्वाचे वाटते ते हे की, अल्लमांनी तलाव निरर्थक ठरवला तरी तो बुजवला गेला नाही. आजही गावाच्या मध्यभागी तो आहे आणि त्याच्या काठाला येणाऱ्याची जात कोणी विचारत नाही.

भीमाकाठ

बाळीवेसताईंच्या मुद्द्याला मंगळवेढ्याकडून जोड देतो. चोखोबांचा अंत मंगळवेढ्यात 1338 मध्ये गावकुसाची भिंत कोसळून झाला. ते वेठीच्या कामावर होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. एका शिंप्याने एका महाराचे अवशेष उचलून देवाच्या दारात ठेवावेत, यात वारकरी संतांचे परस्परांवरील प्रेम किती खरे होते हे दिसतेच. पण ती समाधी दाराबाहेर आहे, हेही तितकेच खरे आहे. कीर्तनात पहिली गोष्ट सांगितली जाते आणि दुसरी बहुधा राहून जाते.

त्यानंतर सुमारे सहाशे वर्षे वारी चालू राहिली, गळाभेटी झाल्या, एकमेकांच्या पाया पडणे झाले, आणि दार मात्र बंदच राहिले. ते उघडण्यासाठी मे 1947 मध्ये साने गुरुजींना पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला. गुरुजींनी केले ते प्रेमापोटीच केले, याविषयी शंका नाही. परंतु त्या आधीच्या सहा शतकांतील भाविक प्रेमशून्य होते, असेही म्हणता येत नाही. मग कुंभारवेस काकांना माझा प्रश्न आहे: प्रेम असूनही दार उघडत नसेल, तर जोडण्याचे काम नेमके कोणी केले म्हणायचे, प्रेमाने की कायद्याने?

अशोकचौक

भीमाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी दिलेले आहे, असे मी नम्रपणे सुचवतो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात, प्रेम पुरेसे नाही, आवश्यक आहे ती मैत्री, असे प्रतिपादन स्पष्टपणे येते. करुणा माणसांपुरती असते. मैत्री सर्व प्राणिमात्रांपर्यंत, मित्रापर्यंत आणि शत्रूपर्यंतही जाते. हा नुसता व्याप्तीचा फरक आहे असे समजू नये. प्रेम आपल्याला आवडणाऱ्यांची निवड करते आणि ज्याची निवड झाली नाही तो बाहेर राहतो. चोखोबांवर प्रेम करणारे संत होते, पण त्यांच्या वस्तीचा हक्क मानणारी व्यवस्था नव्हती. एखाद्या व्यक्तीवरचे उत्कट प्रेम आणि तिच्या समाजाविषयीची बेपर्वाई ही दोन्ही एकाच मनात सुखाने नांदू शकतात, हे आमच्या मागच्या पिढ्यांनी रोज पाहिले आहे.

करणीयमेत्त सुत्तात आईचा दाखला आहे. आई आपल्या एकुलत्या एका मुलाचे रक्षण प्राण पणाला लावून करते, तसे मन सर्व भूतांविषयी अमर्याद करावे, असे तेथे म्हटले आहे. ते मन आपोआप निर्माण होत नाही, ते भावनेच्या अभ्यासाने घडवावे लागते. आणि समाजात त्याचे रूप समतेच्या नियमाचे असावे लागते, म्हणूनच बाबासाहेबांनी बंधुता हे मूल्य धर्मोपदेशकांच्या भरवशावर न सोडता राज्यघटनेच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्या शेजारी बसवले. कायदा आणि मैत्री असे दोन पक्ष करण्याचे मला कारण दिसत नाही.

जुनीमिल

एवढ्या सूत्रांची आणि सुत्तांची गरज आहे का? सोलापूरकरांना चार हुतात्मे पुरेसे आहेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. आणखी कोणता पुरावा हवा?

विजापूरवेस

जुनीमिल साहेब, त्या चौघांविषयी आपल्या मनात जो आदर आहे तोच माझ्याही मनात आहे. 1930 मध्ये सोलापुरात लागलेल्या लष्करी कायद्याच्या आठवणी आमच्या घरातही सांगितल्या जात. तरीही कुंभारवेस काकांच्या प्रश्नाला हा दाखला पूर्णपणे लागू पडत नाही, असे मला वाटते. समोर समान सत्ता असली की माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. ती सत्ता गेल्यावर ते खांदे जवळ राहतात का, हा खरा प्रश्न आहे. शिवाय एक तक्रार नोंदवतो. कुर्बान हुसेन यांचे नाव आमच्याकडे वर्षातून एकदा ‘एकतेचे प्रतीक’ म्हणून घेतले जाते. ते पत्रकार होते, कामगारांत वावरत होते, त्यांची स्वतःची राजकीय मते होती. या गोष्टींत कोणाला रस नसतो. माणसाला प्रतीक केले की त्याच्याशी ओळख करून घेण्याची जबाबदारी संपते, आणि ओळख नसताना प्रेम कशाचे?

आता इस्लामविषयी थोडे. कुराणाच्या 114 सूरांपैकी 113 सूरांचा आरंभ रहमान आणि रहीम या नावांनी होतो. म्हणजे वाचकाला दारातच रहमत, म्हणजे दया, भेटते. सूफींनी त्यावर इश्कची इमारत उभी केली. आपल्या मराठीतही शेख महंमद श्रीगोंदेकर आहेत, ज्यांनी ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद’ असे स्वतःविषयी निःसंकोचपणे लिहिले. पण या विषयातील अवघड जागा झाकून ठेवणे मला पटत नाही. सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कोणत्याही धर्माच्या गरजूला देता येतो. जकात, म्हणजे सक्तीचे दान, मात्र बहुतेक फकीह (धर्मशास्त्रज्ञ) मुस्लिमांपुरतीच मानतात. म्हणजे रहमतीला सीमा नाही, पण तिच्या हिशेबाच्या वहीला आहे. असे कप्पे प्रत्येक धर्मात सापडतील, मी फक्त माझ्या घरातला दाखवला. शिखांच्या लंगरात पंगतीत बसणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, ती व्यवस्था मला या बाबतीत अधिक पुढे गेलेली वाटते.

जुनीमिल

आपला मुद्दा मान्य आहे, पण एक भर घालतो. चौघांची नावे एकत्र घेतली जातात म्हणून निदान ती चारही नावे शाळेतल्या मुलांना येतात. प्रतीकाचा एवढा उपयोग नाकारू नये.

शुक्रवारपेठ

कुंभारवेस यांनी तत्त्वार्थसूत्राचा उल्लेख केला म्हणून लिहितो. आपल्या सोलापुरातच जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत आणि संस्कृत जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढण्याचे मोठे काम केले आहे, हे अनेक सोलापूरकरांना ठाऊक नसते. इच्छुकांनी ते ग्रंथ जरूर पाहावेत.

मुद्दा असा की जैन दृष्टीने प्रेम हे जोडणारे बळ आहे, आणि तीच त्याची अडचण आहे. राग म्हणजे आसक्ती, आणि आसक्ती शुभ असली तरी ती कर्म बांधते. श्वेतांबर परंपरेत महावीरांचे पट्टशिष्य गौतम गणधर यांची कथा आहे. त्यांचे महावीरांवर इतके प्रेम होते की त्या प्रेमामुळेच त्यांना केवलज्ञान (पूर्ण ज्ञान) होत नव्हते. महावीरांचे निर्वाण झाले, गौतमांनी विलाप केला, मग त्या विलापाचे स्वरूप त्यांच्या ध्यानी आले आणि बंधन सुटले. गुरूवरचे प्रेमसुद्धा अडथळा ठरू शकते असे सांगणारी परंपरा ‘सर्व धर्म प्रेमच शिकवतात’ या यादीत सरळ घालता येणार नाही.

मग तिच्याकडे जोडणारे काय आहे? क्षमा. ‘मी सर्व जीवांना क्षमा करतो, सर्व जीवांनी मला क्षमा करावी, सर्व भूतांशी माझी मैत्री आहे, माझे कोणाशीही वैर नाही’ हा प्रतिक्रमणातील, म्हणजे दोषांच्या कबुलीच्या विधीतील, पाठ आहे. दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीच्या दिवशी लोक एकमेकांकडे जाऊन हात जोडतात. आता हे हात जोडणे पुष्कळदा मोबाइलवरच्या चित्रावर भागते, ती गोष्ट निराळी. पण विधी मुळात असा आहे की ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्याच दारात जावे लागते. तेथे समोरचा आवडण्याची अट नाही. अशोकचौक यांनी मैत्रीविषयी जे लिहिले त्याच्या हे फार जवळ जाते, असे मला वाटते.

सातरस्ता

शुक्रवारपेठ यांनी आवडण्याची अट काढून टाकली, त्यावरून लूकच्या शुभवर्तमानातील शोमरोनी मनुष्याचा दृष्टान्त आठवला. आमच्या उपासनेत तो वरचेवर वाचला जातो आणि बहुधा ‘गरजूला मदत करा’ एवढ्यावरच आवरता घेतला जातो. त्यातील काटा मात्र वेगळा आहे. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात उपासनेच्या जागेवरूनच वैर होते. जखमी होऊन पडलेल्या माणसाला त्याच्याच धर्माचे याजक आणि लेवी (मंदिरसेवक) टाळून जातात, आणि परक्या पंथाचा माणूस थांबतो. तो जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, मालकाला दोन दीनार देतो आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन असे सांगतो. म्हणजे प्रेमाचा चक्क हिशेब दिलेला आहे. शेवटी जखमी माणूस शोमरोनी होत नाही आणि शोमरोनी यहुदी होत नाही. मतपालटाचा शब्दही कथेत नाही.

ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये ‘देवाचा दरबार’ हा भक्तसमुदाय काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती, याची येथे नोंद असावी.

पूर्वभाग

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझे आजोबा तेलंगणातून येथे विणकामासाठी आले. आमच्या गल्लीत घरात तेलुगू, मागावर कन्नड आणि हिंदी, आणि शाळेत मराठी असे सहज चालते. मार्कंडेयाच्या रथोत्सवात सर्व जण येतात, मोहरमच्या पंजांना आमच्याकडील बायका नारळ वाहतात. या सगळ्याचा मला अभिमान आहे. परंतु बाळीवेसताईंनी कल्याणच्या लग्नाची गोष्ट काढली आणि नंतर कोणीही तिकडे फिरकले नाही, हे मी मुद्दाम दाखवून देतो. आपण सगळे नारळ, पंगत आणि तलाव यांवर बोलतो, कारण त्यांत कोणाच्या घराचा उंबरठा येत नाही.

आजच्या दिवशी धर्माची भिंत प्रत्यक्ष ओलांडणारे प्रेम बहुधा एकाच ठिकाणी दिसते, ते म्हणजे विवाहात. त्यासाठी 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. त्यानुसार विवाहाची नोटीस द्यावी लागते, ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते आणि 30 दिवसांत कोणीही आक्षेप घेऊ शकतो. आक्षेप कायद्याच्या अटींपुरताच चालतो हे खरे, पण ज्यांना घरून विरोध आहे त्या मुलामुलींना हे 30 दिवस कसे जातात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको. व्यासपीठावर प्रेमाची महती सांगणाऱ्यांपैकी किती जण त्या महिन्यात त्यांच्या बाजूने उभे राहतात?

कुंभारवेस

पूर्वभाग, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवले. तरीही एक भेद विचारार्थ मांडतो. संतांचे प्रेम आणि स्त्री-पुरुषांचे प्रेम ही एकच वस्तू मानायची का? एक सर्वांविषयी असते, दुसरे एका व्यक्तीविषयी. अशोकचौक यांच्या भाषेत दुसरे तर निवड करणारे आहे. आपल्या सिद्धरामांच्या यात्रेतही अक्षता पडतात त्या सिद्धरामांच्या योगदंडाशी झालेल्या कुंभारकन्येच्या विवाहाच्या. म्हणजे वैराग्याने संसार नाकारून तिच्या प्रेमाचा मान राखला आहे. परंपरेने हे दोन प्रांत वेगळे ठेवले, ते विचारपूर्वकच ठेवले असावेत.

बाळीवेस

काका, माफ करा, पण हा भेद सोयीचा आहे. कल्याणमध्ये मुलामुलींचे एकमेकांवर प्रेम होते की नाही, याविषयी परंपरा बोलतच नाही. तेथे लग्न ठरवले ते पित्यांनी, आणि ते ठरवले सर्व शरण समान आहेत या निष्ठेतून. म्हणजे ज्याला तुम्ही संतांचे सर्वांविषयीचे प्रेम म्हणता, तेच तेथे सोयरिकीच्या रूपाने आले. दोन प्रांत वेगळे ठेवण्याचा विचार शरणांचा नव्हता. तो बिज्जळाच्या दरबाराचा होता.

आणि अक्षता सोहळ्याविषयी म्हणाल, तर त्या दिवशी बाराबंदी (पारंपरिक अंगरखा) घालून नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागे चालणाऱ्यांत किती समाजांचे लोक असतात ते आपण सारे पाहतो. नंदीध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत, मातंग समाजाकडेही आहेत. माझ्या मते गावाला बांधून ठेवले ते या मानांनी. तुमचा मान तुमच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही आणि तुमच्याशिवाय मिरवणूक पुढे सरकत नाही, ही व्यवस्था मनातल्या जिव्हाळ्यावर अवलंबून नाही. एखाद्या वर्षी दोन समाजांत कटुता असली तरी काठी उचलावीच लागते.

सातरस्ता

बाळीवेसताईंशी सहमत आहे. या दोन प्रेमांचा गुंता एकाच घरात कसा पडतो, हे पाहायचे असेल तर नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांचे चरित्र पाहावे. 1895 मध्ये टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले, नंतर एकत्र आले तेव्हाही सोवळ्याचे प्रश्न होतेच. त्यांनी आधी स्वतःच्या विचाराने जातिभेद टाकला आणि पुढे 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला. मला त्यातला मधला काळ मोलाचा वाटतो. नवरा एका धर्मात, बायको दुसऱ्या धर्मात, दोघेही हट्टी, आणि तरी संसार मोडला नाही. सनातनी आणि मिशनरी या दोन्ही बाजूंच्या लोकांनी त्या काळात त्यांना सुखाने राहू दिले नसेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

विजापूरवेस

पूर्वभाग यांच्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देतो. उभे राहणारे फार थोडे असतात, आणि त्यात सर्व धर्मांचे पुढारी सारखेच गैरहजर असतात. एवढ्या एका बाबतीत सर्वधर्मसमभाव पूर्ण झालेला आहे. पण बाळीवेसताईंनी मानाची जी गोष्ट सांगितली ती मला नवी दिशा देणारी वाटते. आमच्याकडे गावोगावी मोहरमच्या पंजांची सेवा हिंदू घराण्यांकडे असते. त्या घराण्यांचा इस्लामच्या सिद्धान्तांशी काही संबंध नसतो आणि आमच्यातील काही जाणकारांना तर ती प्रथाच मान्य नाही. तरीही पंजा उचलायचा दिवस आला की ते घर आणि आमचे घर यांना एकमेकांशी बोलावेच लागते.

अशोकचौक

मानाच्या व्यवस्थेविषयी एक इशारा देतो. मान म्हणजे नेमून दिलेली जागाही असते, आणि नेमून दिलेली जागा वर-खाली असू शकते. शेवटचा मान मिळणे आणि समान मान मिळणे यांत अंतर आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या काम नेमून दिले गेले, ते अशा व्यवस्थेकडे बाळीवेसताईंइतक्या विश्वासाने पाहू शकणार नाहीत. कटुता असतानाही एकत्र यावे लागते हा त्यातील गुण मात्र मला मान्य आहे.

भीमाकाठ

माझ्या प्रश्नाला अशोकचौक यांनी दिलेले उत्तर मला पुष्कळसे पटले. आता धाग्याच्या मूळ विधानाकडे येतो आणि आमच्या पंढरपूरचाच आधार घेतो. नामदेवांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत. त्यांतील एका पदात, हसत खेळत तुझ्या देवळात आलो आणि भक्ती करत असताना मला धरून उठवले गेले, माझी जात हीन म्हणून हे झाले, अशी सरळ तक्रार आहे. 1604 मध्ये गुरू अर्जनदेवांनी ग्रंथ संपादित केला तेव्हा पंढरपूरच्या शिंप्याची ही तक्रार, काशीच्या कबीराचे बोल आणि पंजाबच्या शेख फरीदांचे श्लोक एकाच ग्रंथात आले.

आपण सर्वांनी येथे जो वाद घातला त्याच्याशी फरीदांच्या श्लोकांचा विशेष संबंध आहे, कारण ते ग्रंथात एकटे येत नाहीत. मधून मधून शीख गुरूंचे श्लोक त्यांना उत्तर देतात. फरीद म्हणतात की प्रियतम भेटणार असेल तर माझे शरीर तंदूरसारखे तापो, हाडे सरपणासारखी जळोत, पाय थकले तर मी डोक्यावर चालत जाईन. लगेच पुढच्या श्लोकात गुरू नानक म्हणतात की शरीर तंदूरसारखे तापवू नकोस, हाडे जाळू नकोस. डोक्याने आणि पायांनी काय बिघडवले आहे? प्रियतमाला आत पाहा. एक सूफी आणि एक शीख गुरू, मध्ये जवळपास अडीच शतकांचे अंतर, आणि प्रियतमाकडे जावे कसे यावर उघड मतभेद. संपादकांनी फरीदांचा श्लोक गाळला नाही, आपल्या मताला जुळेल असा बदललाही नाही. दोन्ही म्हणणी लागोपाठ ठेवली, आणि गुरुद्वारात त्या दोन्हींपुढे सारखेच मस्तक टेकवले जाते.